विंडो पुन्हा भलत्याच जागी उघडली? आधी शब्द कोणाचा चालतो ते शोधा

लक्षण असं. लिनक्सवर लॉगिन केलं की ब्राउझर दुसऱ्या वर्कस्पेसवर (म्हणजे दुसऱ्या आभासी डेस्कटॉपवर), टर्मिनल स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात आणि मेलचा प्रोग्राम बाजूच्या मॉनिटरवर उघडायला हवा. तसा नियम लावलेला आहे. आठ-दहा दिवस सगळं जागच्या जागी उघडतं. मग एखादं अपडेट येतं, कधी तेही येत नाही, आणि ये रे माझ्या मागल्या: तिन्ही विंडो पहिल्याच वर्कस्पेसवर एकावर एक. नियम पुसला गेलेला नसतो. तो तिथेच असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

हे दुखणं मी बरीच वर्षं अंगावर काढलं. दरवेळी एक नवा नियम जोडायचो. एका टप्प्यावर एकट्या ब्राउझरसाठी चार ठिकाणी चार नियम होते, एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी सगळे पुसले आणि उलट्या टोकाने सुरुवात केली: ही विंडो आत्ता इथे उघडली ती कोणाच्या सांगण्यावरून? हे कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांत होते. हे न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जागा ठरवण्यात तिघांचा हात असतो. खुद्द प्रोग्राम मागच्या वेळचा आकार स्वतःच्या फाईलमध्ये टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच मागतो. विंडो मॅनेजर, म्हणजे डेस्कटॉपचा विंडो मांडणारा भाग, ती मागणी मान्य करतो किंवा केराची टोपली दाखवतो. आणि तिसरा म्हणजे प्रोग्राम ज्याने सुरू केला तो: मेनूतला आयकॉन, ऑटोस्टार्टमधली नोंद, किंवा कालचं सेशन जसंच्या तसं परत उभं करणारा सेशन मॅनेजर. तुमचा नियम यांपैकी एकाकडे असतो आणि निर्णय घेत असतो दुसराच.

सेशन कोणतं आहे?

याचं उत्तर माहीत नसेल तर पुढचं काहीच करू नका. ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर सेटिंग्जच्या अबाउट पानावर सिस्टिमच्या तपशिलात 'विंडोइंग सिस्टिम' अशी ओळ असते. केडीई हा डेस्कटॉप असेल तर 'अबाउट धिस सिस्टिम'मध्ये 'ग्राफिक्स प्लॅटफॉर्म' बघा. तिथे एक्स११ लिहिलेलं असेल किंवा वेलँड. स्क्रीनवर विंडो दाखवण्याच्या या दोन पद्धती.

फरक नुसता नावाचा नाही. एक्स११ हा १९८७ सालचा प्रोटोकॉल. त्यात कोणताही प्रोग्राम दुसऱ्या कोणाचीही विंडो बघू शकतो, हलवू शकतो, तिचा आकार बदलू शकतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे धोक्याचंच, पण आपल्यासारख्या हौशी लोकांची चंगळ होती. डब्ल्यूएमसीटीएल किंवा एक्सडूटूल या विंडो हलवणाऱ्या आज्ञांच्या चार ओळींच्या स्क्रिप्टने अख्खा डेस्कटॉप मांडता यायचा. वेलँडमध्ये प्रोग्रामला आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हेसुद्धा कळत नाही. साध्या विंडोला 'मला अमुक जागी ठेव' अशी मागणी करायची सोयच त्या प्रोटोकॉलमध्ये ठेवलेली नाही. आकार सांगता येतो, जागा कंपोझिटर (वेलँडमधला विंडो मॅनेजर) ठरवतो.

तुम्ही न ठरवताही एका बाजूकडून दुसरीकडे गेला असण्याची शक्यता बरीच आहे. केडीईच्या प्लाझ्मा ६ मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून, वेलँड हेच मूळ सेशन झालं. ग्नोमने ४९व्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२५ मध्ये, एक्स११चं सेशन मुळातच बंद ठेवून दिलं. लॉगिनचा पडदा तोच, वॉलपेपर तोच, खालची जमीन मात्र बदललेली.

माझी फजिती इथेच झाली. लॉगिनला चालणारी माझी जुनी डब्ल्यूएमसीटीएलची स्क्रिप्ट वेलँडवर गेल्यावरही अर्धीमुर्धी चालत होती. पूर्ण बंद पडली असती तर लगेच कळलं असतं. पण उघड्या सात विंडोंपैकी तीन तिला दिसायच्या, चार दिसायच्या नाहीत, आणि मी स्क्रिप्टमधल्या स्पेलिंगच्या चुका शोधत बसलो. त्या तीन विंडो जुन्या पद्धतीच्या होत्या. वेलँडमध्ये अशा प्रोग्रामसाठी एक्सवेलँड नावाचा छोटा एक्स सर्व्हर चालू असतो, आणि डब्ल्यूएमसीटीएलला तेवढाच कोपरा दिसतो. काही महिन्यांनी त्या तिनातला ब्राउझरही यादीतून गेला. सेशन तेच होतं, पण ब्राउझर नव्या आवृत्तीत थेट वेलँडवर चालायला लागला होता. फायरफॉक्समध्ये हा बदल १२१व्या आवृत्तीपासून, डिसेंबर २०२३ मध्ये, मूळ सेटिंग म्हणून आला. 'मी तर काहीच बदललं नाही' असं आपण म्हणतो आणि ते खरंही असतं.

एखादी विंडो कोणत्या जातीची आहे हे ओळखायची माझी आवडती युक्ती: एक्सआइज नावाचा एक जुनाट, खेळण्यासारखा प्रोग्राम आहे. माउस जाईल तिकडे बघणारे दोन डोळे, बाकी काही नाही. वेलँड सेशनमध्ये तो चालू करा आणि माउस संशयित विंडोवरून फिरवा. डोळे माउसबरोबर वळले तर ती विंडो एक्सवेलँडमधली. डोळे थिजून एकाच दिशेला बघत राहिले तर ती थेट वेलँडची, आणि तिच्यावर डब्ल्यूएमसीटीएल, एक्सडूटूल किंवा विंडोंना नियम लावणारा डेव्हिल्सपाय २ यांपैकी कोणाचीही मात्रा चालायची नाही.

विंडोचं खरं नाव

मेनूत दिसणारं नाव आणि नियमात लिहायचं नाव ही दोन वेगळी नावं असतात. निम्मे नियम इथेच मरतात.

एक्स११वर टर्मिनलात एक्सप्रॉप लिहून एंटर मारा. माउसचा बाण अधिकच्या चिन्हासारखा होतो. त्याने हट्टी विंडोवर एकदा क्लिक करा. टर्मिनलात धडाधड ओळी येतात, मध्येच आयकॉनचं चित्रही अक्षरांत उमटतं. घाबरू नका, बघायच्या ओळी तीनच. डब्ल्यूएम क्लास या ओळीत अवतरणांत दोन नावं असतात. फायरफॉक्सच्या विंडोला पहिलं नाव 'नॅव्हिगेटर' आणि दुसरं 'फायरफॉक्स'. पहिलं इन्स्टन्सचं, दुसरं क्लासचं. नियम लिहिताना यातलं कोणतं विचारलंय ते नीट वाचा. क्रोमियमने 'ॲप' म्हणून बसवलेल्या वेबसाइट्सचा क्लास ब्राउझरचाच असतो, वेगळं असतं ते इन्स्टन्स. क्लासवर नियम लावला की ब्राउझरबरोबर सगळ्या वेबसाइट्सही एकाच वर्कस्पेसवर जाऊन पडतात. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरकही अनेक ठिकाणी धरला जातो.

दुसरी ओळ विंडो टाइपची, नॉर्मल की डायलॉग. ती पुढे लागेल. तिसरी साइझ हिंट्सची. तिथे 'प्रोग्राम स्पेसिफाइड लोकेशन' असेल तर जागेची मागणी प्रोग्रामने स्वतः केली आहे. 'यूजर स्पेसिफाइड लोकेशन' असेल तर ती तुमच्या नावाने केलेली मागणी, उदाहरणार्थ एक्सटर्म या टर्मिनलला जॉमेट्रीचा पर्याय देऊन ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच आणि अमुक जागी असं सांगून सुरू केलं असेल तर. दुसऱ्या प्रकाराला विंडो मॅनेजर बहुधा मान देतात, पहिल्याला देतीलच असं नाही. गुन्हेगार प्रोग्राम आहे की मॅनेजर, हे या एका ओळीत कळतं.

वेलँडवर डब्ल्यूएम क्लासच्या जागी ॲप आयडी असतो. ग्नोममध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबून एलजी ही दोन इंग्रजी अक्षरं लिहिली की लुकिंग ग्लास उघडतो, त्याच्या विंडोज टॅबवर सगळी नावं मिळतात. स्वे या कंपोझिटरमध्ये गेट-ट्री मागवा. तिथे ॲप आयडी रिकामा दिसला तर ती विंडो एक्सवेलँडची आणि तिचा क्लास खाली वेगळा लिहिलेला सापडेल. एकच प्रोग्राम तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकाराच्या) पॅकेजमधून आणि फ्लॅटपॅक या सामायिक पॅकेज-पद्धतीतून घेतला तर ही नावं वेगळी असू शकतात. पॅकेज बदललं आणि नियम मेला, याचं कारण बहुधा हेच.

एक विनवणी: नियम विंडोच्या टायटलवर लावू नका. ब्राउझरचं टायटल विंडो उघडते त्या क्षणी एक असतं आणि पान उघडलं की दुसरं. मी तो उद्योग केलेला आहे. कोरा टॅब उघडला की नियम लागायचा, जुने टॅब परत आले की लागायचा नाही. मला वाटायचं संगणकाची लहर आहे.

केडीई: इथे बहुतेक सगळं जमतं

विंडोवर असताना ऑल्ट आणि एफ३ दाबा, 'मोअर ॲक्शन्स'मध्ये जा. तिथे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत, 'स्पेशल विंडो सेटिंग्ज' आणि 'स्पेशल ॲप्लिकेशन सेटिंग्ज'. पहिला त्या विशिष्ट विंडोपुरता, दुसरा त्या प्रोग्रामच्या सगळ्या विंडोंसाठी. उघडणाऱ्या चौकटीत क्लासचं नाव आधीच भरलेलं असतं. खाली 'ॲड प्रॉपर्टी' करून हवं ते जोडायचं: पोझिशन, साइझ, व्हर्च्युअल डेस्कटॉप, स्क्रीन.

खरी गोम त्या पुढच्या छोट्या ड्रॉपडाऊनमध्ये आहे. 'अप्लाय इनिशियली' म्हणजे उघडताना एकदाच लावा, मग मालकाला हवं तिथे हलवू द्या. 'रिमेंबर' म्हणजे मी शेवटी जिथे ठेवली तिथे उघडा. 'फोर्स' म्हणजे खिळा ठोकला, हातानेही हलणार नाही. नवखे लोक रागाच्या भरात 'फोर्स' निवडतात आणि दुसऱ्या दिवशी 'विंडो हलतच नाही' म्हणून रडतात. माझं मत विचाराल तर कायम 'अप्लाय इनिशियली'. तेवढ्याने भागलं नाही, म्हणजे प्रोग्राम आपली मागणी रेटतोय असं दिसलं, तर 'इग्नोर रिक्वेस्टेड जॉमेट्री' जोडा. 'फोर्स' फक्त त्यांच्यासाठी, जे उघडून झाल्यावर स्वतःहून सरकतात.

आता ती विंडो टाइपची गोष्ट. मी चित्रं सुधारण्याच्या एका प्रोग्रामला आकार 'फोर्स' केला होता, पूर्ण स्क्रीनएवढा. पहिल्यांदा फाईल सेव्ह करायला गेलो तर सेव्हची चौकटही स्क्रीनभर. वर डाव्या कोपऱ्यात फाईलच्या नावाची एवढीशी पट्टी, खाली उजव्या कोपऱ्यात सेव्हचं बटण, मधे नुसतं माळरान. 'नाव बदलू का' असं विचारणारी दोन ओळींची चौकटही तशीच. नियमात विंडो टाइप दिलेला नव्हता, म्हणून तो डायलॉगनाही लागला. टाइपमध्ये फक्त 'नॉर्मल विंडो' ठेवलं की मिटलं.

टर्मिनल मॅक्सिमाइज केल्यावर कडेला चार-सहा पिक्सेलची फट राहत असेल तर तो बिघाड नाही. टर्मिनल आपला आकार अख्ख्या अक्षरांच्या मापाने मागतो, अर्धं अक्षर त्याला चालत नाही. 'ओबे जॉमेट्री रिस्ट्रिक्शन्स' ही प्रॉपर्टी 'फोर्स' करून 'नो' ठेवा.

हे सगळे नियम होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, केविनरूल्सआरसी या फाईलमध्ये असतात. जमल्यावर तिची प्रत काढून ठेवा.

बाकीचे डेस्कटॉप

ग्नोममध्ये नियमांचा असा पडदा नाही, आणि तो कधी येईल अशी वाट मी पाहत नाही. वर्कस्पेस ठरवायचं असेल तर 'ऑटो मूव्ह विंडोज' हे एक्स्टेंशन आहे. सेटिंग्जमध्ये वर्कस्पेसची संख्या आधी पक्की करून घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही. ते प्रोग्रामनिहाय चालतं, त्यामुळे एकाच प्रोग्रामच्या दोन विंडो दोन वर्कस्पेसवर पाठवणं त्याच्या आवाक्यात नाही. नव्या विंडो मधोमध हव्या असतील तर ट्वीक्स या ॲपमध्ये तसं बटण आहे. आणि 'ही विंडो दरवेळी आपोआप मॅक्सिमाइज का होते' या तक्रारीचं मूळ मटर या ग्नोमच्या विंडो मॅनेजरच्या ऑटो-मॅक्सिमाइज या सेटिंगमध्ये असतं: जवळजवळ स्क्रीनएवढी होऊन उघडणारी विंडो तो स्वतःच पूर्ण पसरवतो. लहान लॅपटॉपवर हे सतत घडतं. टर्मिनलातल्या जीसेटिंग्ज या आज्ञेने ते बंद करता येतं.

एक्सएफसीईत विंडो मॅनेजर ट्वीक्सच्या प्लेसमेंट टॅबवर मध्यभागी की माउसखाली एवढंच निवडता येतं. प्रोग्रामनिहाय नियमांसाठी तिथे डेव्हिल्सपाय २ लागतो. तो लुआ भाषेतल्या छोट्या फाईली वाचतो आणि एक्स११वर छान चालतो. त्याच्या लेखी पहिलं वर्कस्पेस १ असतं, डब्ल्यूएमसीटीएलच्या लेखी शून्य. एकातून दुसऱ्यात नियम नेताना सगळं एक घर सरकतं.

आय३ हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना फार सांगायला नको. विंडो वर्कस्पेसला नेमून देणारा 'असाइन' काही प्रोग्रामवर लागत नाही, कारण ते विंडो आधी उघडतात आणि क्लासचं नाव नंतर लावतात. त्यांच्यासाठी 'फॉर विंडो' वापरून तिथून हलवा.

नियम बरोबर, तरी ढिम्म

आयकॉनच्या आज्ञेत पर्याय जोडले आणि काहीच फरक पडला नाही, असं झालं तर प्रोग्राम आधीच चालू आहे का ते बघा. ब्राउझर, फाईल मॅनेजर, बरेच एडिटर एकाच प्रोसेसमध्ये चालतात. दुसऱ्यांदा सुरू केलेली प्रत पहिलीला 'एक विंडो उघड' असा निरोप देते आणि स्वतः संपते. तुम्ही दिलेले विंडो साइझ, विंडो पोझिशन वगैरे पर्याय तिच्याबरोबरच जातात. विंडो बंद केली तरी प्रोसेस मागे चालू असू शकते.

आयकॉनची डेस्कटॉप फाईल (आयकॉनने कोणती आज्ञा चालवायची ते जिथे लिहिलेलं असतं ती) बदलताना सिस्टिमच्या फोल्डरातली बदलू नका, पुढच्या अपडेटला ती परत पूर्ववत होते. 'दर महिन्याला बिघडतं' यामागे कित्येकदा एवढंच असतं. होममधल्या लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरात त्याच नावाने प्रत ठेवा, तिला प्राधान्य मिळतं. त्यातही एक काटा आहे: फाईलमध्ये डीबस ॲक्टिव्हेटेबल अशी ओळ 'ट्रू' असेल तर प्रोग्राम डीबस या प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोपव्यवस्थेमार्फत सुरू होतो आणि एक्झेकच्या, म्हणजे आज्ञेच्या, ओळीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती ओळ काढून टाका. डॉकमध्ये एकाच प्रोग्रामचे दोन आयकॉन दिसत असतील तर स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास या ओळीत मघाशी शोधलेलं खरं नाव घाला.

लॉगिनला एकच प्रोग्राम दोनदा उघडतो? ऑटोस्टार्टमध्येही आहे आणि सेशन मॅनेजरही कालचा परत उघडतोय. दोन्हींपैकी एक बंद करा. मी सेशन परत आणणंच बंद ठेवतो, कारण ऑटोस्टार्टची यादी निदान डोळ्यांना दिसते.

मेलची विंडो कधी बाजूच्या मॉनिटरवर, कधी मुख्य स्क्रीनवर उघडत असेल तर बहुधा शर्यत लागलेली आहे. दुसरा मॉनिटर जागा व्हायच्या आत प्रोग्राम उघडतो आणि तेव्हा अस्तित्वात असलेल्या एकमेव स्क्रीनवर जातो. ऑटोस्टार्टच्या आज्ञेआधी ५ सेकंदांचा स्लीप टाकणं हा गावठी उपाय आहे, पण माझ्याकडे तोच चालतो. एक्स११वर स्क्रिप्ट लिहीत असाल तर एक्सडूटूलच्या सर्चला सिंक हा पर्याय द्या. विंडो येईपर्यंत तो थांबतो, अंदाजाने सेकंद मोजावे लागत नाहीत.

विंडो उघडते, पण मागे लपून

हा जागेचा नाही, फोकसचा (टाइप केलेलं कोणत्या विंडोत जाणार याचा) प्रश्न आहे, आणि बरेचदा तो मुद्दाम केलेला असतो. समजा तुम्ही जड प्रोग्राम सुरू केला आणि तो येईपर्यंत दुसऱ्या विंडोत टाइप करत राहिलात. मॅनेजर बघतो की तुमचा शेवटचा स्पर्श त्या दुसऱ्या विंडोला आहे, आणि नव्या विंडोला पुढे येऊ देत नाही. नाहीतर तुमचा अर्धा पासवर्ड भलत्याच चौकटीत गेला असता. वेलँडवर यासाठी टोकन, म्हणजे परवानगीची खूण, असतं. सुरू करणाऱ्याने ते दिलं तर नवी विंडो पुढे येते, नाही तर ग्नोम 'तयार आहे' अशी नुसती सूचना दाखवतो. स्क्रिप्टमधून किंवा टर्मिनलातून सुरू केलेल्या प्रोग्रामकडे ते टोकन अनेकदा नसतं. केडीईत फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शनची पातळी एकेका प्रोग्रामपुरती कमी करता येते. सरसकट कमी करू नका.

उरली ती विंडो, जी चालू आहे, टास्कबारमध्ये दिसते, पण स्क्रीनवर कुठेच नाही. काढून टाकलेल्या मॉनिटरच्या जागेवर ती अजून बसलेली असते. टास्कबारवरून तिला निवडा, ऑल्ट आणि एफ७ दाबा, मग एकदा कोणताही बाण दाबा आणि माउस हलवा. विंडो माउसला चिकटून आत येते. केडीईत हेच काम ऑल्ट-एफ३च्या मेनूतल्या 'मूव्ह'ने होतं. आत आली की प्रोग्राम लगेच बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे त्याने टिपून ठेवलेली जुनी जागा बदलते. नाही तर उद्या पुन्हा तिकडेच.